धरण बघायला येणारे दाजी

लातूरला दाजींच्या घराच्या कोपऱ्यावरच औषधाचं दुकान आहे. तिथं सहज मिळणारी एक गोळी आणायला आमचे दाजी एसटीनं नांदेडला यायचे. घरी सांगून निघायचे, विष्णुपुरीचं धरण किती भरलंय ते बघून येतो. मे महिन्यातही. त्या धरणावर त्यांची वीतभर जमीन भिजत नव्हती, पण माझ्या थोरल्या बहिणीनं, अक्कानं, त्यांना कधी हटकलं नाही. उलट वाटेत खायला दशम्या बांधून द्यायची.

दाजी कॉलेजात खेळाचे मास्तर होते. आवाज मैदानाच्या पलीकडं जाणारा आणि मिशा आवाजाला शोभणाऱ्या. माझ्या दोन्ही पोरांना पोहायला ह्याच माणसानं शिकवलं. "भ्यायचं न्हाई, तोंड बुडवायचं," म्हणत स्वतः छातीभर पाण्यात तासन्‌तास उभे राहायचे. पण लग्नाकार्यात चार तरुण पोरं दिसली की त्यांच्या अंगात यायचं. "तुमची पिढी लई नाजूक, बाबा. कशाला बी गोळी. मर्दाला औषध लागत न्हाई." औषधाच्या दुकानात कंडोमची पाकिटं दर्शनी मांडलेली दिसली तर आयाबाया येतात इथं, म्हणून दुकानदाराला झापायचे. पोरं माना खाली घालायची. आम्ही बापेमाणसं हसून दाद द्यायचो. त्या हसणाऱ्यांपैकी कितीजण आपापल्या धरणावर जाऊन यायचे, देव जाणे.

शुगर जुनी होती, पुढं छातीचंही सुरू झालं. शुगरवाल्या पुष्कळांना होतं तेच ह्यांनाही झालं होतं. डॉक्टरला एक वाक्य सांगायचं, एवढंच काम. ते न करता बागेत फिरणाऱ्या कुणीतरी सांगितलेली गोळी ते खात होते.

नांदेडात मला सगळे ओळखतात, त्यांना कुणी नाही. तरी दुकानात जायचं मी. "तुम्ही इथलेच, मेव्हणे. तुम्हाला कोण काय म्हणतंय?" पहिल्यांदा गेलो तर काउंटरवर माझ्या पुतणीच्या वयाची मुलगी. काय देऊ काका, म्हणाली. मी गरम पाण्याची पिशवी घेतली. पुढच्या खेपेलाही पिशवीच घेतली. आता बायको आल्यागेल्याला सांगते, ह्यांच्या कंबरेचं काही खरं नाही.

शेवटी वैतागून दाजी स्वतः गेले, तोंडाला रुमाल गुंडाळून. दुकानातल्या बायका जाईपर्यंत टूथपेस्टचे खोके निरखत उभे राहिले. शेजारी आणखी एक रुमालवाला टूथपेस्टच निरखत होता. निघाला दाजींच्याच गल्लीतला प्राध्यापक. इकडं कुठं, विचारून झालं. तो म्हणे बहिणीकडं आलेला. दोघांनी एकेक टूथपेस्ट घेतली आणि एकाच एसटीत शेजारीशेजारी बसून लातूरला परतले. पुढच्या आठवड्यात दाजी पुन्हा धरणावर हजर.

गेल्या भाऊबिजेला मी अक्काकडं होतो. दुपारचं जेवण झालं आणि दाजींच्या छातीवर दगड ठेवल्यासारखं झालं. शर्ट घामानं भिजला. दवाखान्यात नेलं तर डॉक्टर त्यांच्या जुन्या सहकाऱ्याची मुलगी, पोरगेलीशी. नाडी बघता बघता तिनं विचारलं, "काका, ती पुरुषांची ताकदीची गोळी घेतलीय का काल-परवा? घेतली असेल तर छातीचं एक औषध मला देता येणार नाही. बीपी एकदम खाली जाईल, जिवावर बेतेल."

जेवण झालं का विचारावं इतक्या साधेपणानं विचारलं. दाजी पंख्याकडं बघत राहिले. तिनं पुन्हा विचारलं. श्वास पुरत नव्हता, तरी माझ्याकडं बोट करून ते म्हणाले, "असले शौक ह्यांचे. ह्यांना विचारा."

आणि मी मान खाली घातली, जणू खरंच मीच खाऊन आलो होतो.

अक्का त्यांच्या पायाशी उभी होती. "घेतलीय, बाई. काल रात्री. चूर्णाच्या डबीत ठेवतात. ती डबी मीच पुसत असते."

दाजी वाचले. घरी सोडताना डॉक्टरनं सांगितलं, ह्या दुखण्यावर इलाज आहेत, फक्त आपल्या मनानं गोळ्या घेऊ नका, पुढच्या वेळी दोघं मिळून या. ते 'दोघं मिळून' दाजींना छातीच्या दुखण्याहून जास्त लागलं. अक्काशी त्यांनी बोलणं टाकलं. चहा हवा असला तरी भिंतीला सांगायचे. अक्कामुळं जीव वाचला दाजी, असं मी एकदा धीर करून म्हणालो.

"वाचला हो. पण कसा वाचवला ते बघा न. नर्सा होत्या तिथं, वॉर्डबॉय होता. कुणाला तोंड दाखवू मी?"

अक्काला सांगितलं तर ती भाजी निवडत म्हणाली, "रुसू दे. रुसायला हायेत न." चूर्णाची डबी मात्र फळीवरून गायब झाली होती, आणि दाजी पुन्हा धरणाची चौकशी करू लागले होते.

ह्या उन्हाळ्यात अक्का पुतणीच्या बाळाच्या बारशाला औशाला गेली. दाजी रुसलेलेच, घरी राहिले. संध्याकाळी छातीत कळ आली, शेजाऱ्यानं गाडीत घालून जवळच्या दुसऱ्या दवाखान्यात नेलं. अक्का एसटीतून उतरली तेव्हा सगळं संपलं होतं.

भेटायला माणसं आली. ओसरीत शेजारी मोठ्या कौतुकानं सांगत होता, "त्या हालतीत बी काय बाणा होता मास्तरचा! डॉक्टरनं छातीचं औषध द्यायच्या आधी विचारलं, तसली काही गोळी घेतलीय का, तर म्हणले, आम्हाला काय गरज?" बसलेल्या बाप्यांनी माना हलवल्या. मर्द गडी होता, कुणीतरी म्हणालं. माझीही मान सवयीनं हलली. थोड्या वेळापूर्वीच अक्कानं दाजींच्या शर्टाच्या खिशातली गोळ्यांची फोडलेली पट्टी माझ्या हातात ठेवली होती.

कशानं गेले, असं लोक अजून विचारतात. आम्ही सांगतो, हार्टनं. अक्काला विचारलं तर ती पदर सावरून सांगते, "लाजेनं गेले."

बाया तिच्याजवळ सरकून बसतात. बाप्ये उठून चपला शोधायला लागतात.