रिबेकाबाईंचे पाय

कर्जतच्या एका दवाखान्यात मी कंपाउंडर होतो. पुड्या बांधायला हात लागतात, कान मोकळेच असतात! त्यामुळे किस्से साठत जातात. पण रिबेकाबाईंचे सांगायला बसलो की माझाच गोंधळ उडतो. त्यातलं निम्मं मला आजही कळलेलं नाही.

बाई मूळच्या इथल्याच. वडील रेल्वेत. मुंबईत एका मडमेकडे बॅले हा विलायती नाच शिकल्या, बोटीने लंडनला गेल्या, तिथे मोठं नाव काढलं. एकोणीसशे सत्तरच्या सुमारास एकट्याच वडिलांच्या घरी परत आल्या. बॅले म्हणजे काय, गावात कुणालाच माहीत नव्हतं. मलाही नाही!

*

पहिल्यांदा दवाखान्यात आल्या, तेव्हा डॉक्टरांनी चपला काढायला सांगितल्या. बोटं एकमेकांवर चढलेली, नखं काळी, अंगठ्याजवळचं हाड बाहेर आलेलं. डॉक्टर हळहळले, "अरेरे! कुठल्या गाडीखाली गेले हो?"

बाई म्हणाल्या, "डॉक्टर, हे पाय बघायला लोक तिकीट काढून येत होते!"

*

केसपेपर मी भरला. 'व्यवसाय'पुढे घाईत 'बॅले'चं 'बैल' झालं, आणि ते कुणीतरी वाचलं. आठवड्याने कडावचा धर्मा लंगडता बैल घेऊन बाईंच्या अंगणात हजर!

"बाई, तुमी बैलांचं बगता ना? भाताची चिखलणी तोंडावर हाय."

बाईंनी बैलाचा पाय चाचपला. "मुरगळलाय. शेक द्या. आठ दिवस कामाला लावू नका."

नवव्या दिवशी बैल नांगराला! पुढे धर्मा म्हशीही आणायला लागला.

*

बाईंकडे सोनाबाई स्वयंपाकाला होती. भिंतीवर बाईंचा अंगाला पिसं लावून नाचतानाचा फोटो. तिने विचारलं, "कोंबडी का वो?"

"हंस गं. शेवटी मरायचा."

"रोज?"

"रोज. शनिवारी दोन खेळ, मग दोनदा."

सोनाबाई तडक दवाखान्यात. "डाक्टर, आमच्या बाईला तपासा. काय बोलते, तिचं तिला कळत नाय!"

*

चौक गावाहून एक आई मुलीला घेऊन आली. उंची कमी म्हणून लग्न जमेना. "तुमी चवड्यावर उभं करता म्हणं. दोन इंच वाढवा!"

बाईंनी दोन महिने रोज शिकवलं. मी स्वतः पट्टीने मोजली, एक सूतही वाढली नव्हती. पण पोरगी मान वर करून चहा घेऊन आली, आणि पाहुणे म्हणाले, "मुलगी उंच आहे हो!"

*

लंडनला असताना बाई स्टेजवर पडल्या होत्या, त्यात उजवा गुडघा गेला आणि नाच संपला होता. काठीशिवाय चार पावलं टाकत नसत. एका दुपारी एक म्हातारा गोरा साहेब त्यांचं नाव लिहिलेली चिठ्ठी घेऊन दवाखान्यात आला. मी त्याला टांग्यातून घरी नेलं.

बाई अंगणात मिरच्या वाळत घालत होत्या. साहेबाने कोट काढून जोत्यावर ठेवला. नुसता दोन्ही हात पुढे करून उभा राहिला.

बाईंनी हातातल्या मिरच्या टाकल्या. मग काठी माझ्या हातात दिली आणि धावत सुटल्या! पन्नाशी उलटलेली बाई!

"बाई, गुडघा!" मी ओरडलो. तोवर त्यांनी उडी घेतली होती.

साहेबाने त्यांना वरच्या वर झेललं. सोडलं नाही. अगदी हळू खाली ठेवलं. तो रडत होता. बाईंनी त्याच्या गालावर थोपटलं, आणि साहेब कोट घालून आल्या टांग्याने स्टेशनला गेला. चहासुद्धा नाही!

मी काठी परत दिली. "बाई, कोण हे?"

"माझ्याबरोबर नाचायचा," बाई मिरच्या पसरत म्हणाल्या. "त्याच्याच हातून पडले होते मी."