फ्रंट पडतो

हे म्या आजवर कुणाला सांगितलं न्हाई. बायकूला न्हाई, देवापुढं उभं ऱ्हाऊन मनातल्या मनातसुदिक न्हाई. तुमाला सांगतोय, कारण तुमी माज्या गावचे न्हाई, आन् तुमाला काय वाटंल ह्याची मला फिकीर न्हाई. ऐकायचं तर ऐका. मधी चुकचुक तेवढी करू नका — चुकचुकणारी माणसं मला चालत न्हाईत.

कुठनं सुरू करू? जीपपासनंच करतो.

जुनी जीप घ्यायची तर पैलं तिच्याखाली झोपायचं. रंग बघायचा न्हाई, हॉर्न वाजवून बघायचा न्हाई. लढाई संपल्यावर लिलावात निघालेल्या ह्या गाड्या, कितीक हातांतनं फिरून आलेल्या. वरनं हिरवा रंग मारला की नव्याच दिसतात. खाली झोपून चासीला कुठं वेल्डिंग मारलंय का बघायचं. मग बघायचं, गाडीच्या पोटाखालनं पुढच्या चाकांकडं जाणारा शाफ्ट जागेवर हाय का. त्यो असंल तरच पुढची चाकंबी ओढतात. त्याला आमी मिलिटरीत फ्रंट म्हणायचो. फ्रंट न्हाई ती जीप डोंगरात काय कामाची? लई मालक त्यो शाफ्ट काढून इकतात. शिटापाशी दांडा तेवढा ऱ्हातो. टाकला की खट्‌दिशी पडतो — आन् पुढं काय बी ओढत न्हाई. म्हणून एक पुढचं चाक जॅकवर उचलायचं, गाडी गिअरमधी ठेवायची, दांडा टाकायचा आन् चाक हातानं फिरवायचं. अडलं तर फ्रंट हाय. मोकळं फिरलं तर न्हाई. एवढंच. ह्यात अवघड काय हाय?

म्या लढाईत मिलिटरीचे ट्रक हाणले. परत आलो आन् कापूरहोळच्या फाट्यावर पत्र्याचं शेड टाकून बसलो. दुसऱ्यांच्या गाड्या उघडायच्या, दुसऱ्यांच्या गाड्या मिटायच्या. आपली सोताची एक जीप असावी, भोर-वेल्ह्याला सवाऱ्या न्याव्या — एवढंच एक मनात व्हतं. झालं न्हाई. का झालं न्हाई ते इचारू नका, त्यात सगळा दोष माजाच हाय.

भोरचं संस्थान जाऊन चारपाच वर्सं झाली असतील, तवा कोंडिबा आला. इंझर गावाच्या वर डोंगरात धनगरांची वस्ती हाय, तितला. माज्यापरीस वयानं लई मोठा माणूस. मला तुमी म्हणायचा, वस्ताद म्हणायचा. म्या त्याला तू म्हणायचो. वस्तीवर कुणी आजारी पडलं की झोळीत घालून चौघांनी इंझरपातुर खाली आणायचं, आन् निम्मी माणसं वाटंतच मरायची. म्हणून कोंडिबानं ठरवलं, वस्तीला जीप घ्यायची. शेरडं इकली, म्हसरं इकली. भोरला एका ठेकेदाराकडं जीप हाय म्हणाला, तुमी येऊन बघा, तुमी म्हणाल तसं.

तुमी म्हणाल तसं. ह्या बोलण्यानं माणसाला बरं वाटायला पायजे ना? मला मिरच्या झोंबल्या. शेरडामागं हिंडणारा माणूस जीप घेणार, आन् म्या ती त्याला पारखून द्यायची?

गेलो. ठेकेदाराच्या आवारात जीपखाली उताणा झोपलो. शाफ्ट नव्हता. झोपल्या झोपल्या कळलं, इचार करायलाबी काय नव्हतं. आन् तितनं मला कोंडिबाचे पाय दिसले — अनवाणी, भेगा पडलेले, शेण वाळलेले. डोक्यात आलं, हे पाय आता क्लचवर बसणार. आन् म्या जलमभर हितंच, खाली.

बाहेर आलो. त्यानं कनवटीची पुरचुंडी सोडली. भंडारा. धनगर कागदावर इसवास ठेवत न्हाई, भंडाऱ्यावर ठेवतो. भंडारा उचलून कुणी शब्द दिला की मग त्यो त्या शब्दाला परत हात लावून बघत न्हाई. त्यानं तळवा पुढं केला आन् म्हणाला, "वस्ताद, उचला आन् सांगा. हिला फ्रंट हाय का?"

म्या चिमूट उचलली, कपाळाला लावली, आन् म्हणालो, "फ्रंट पडतो."

बघा किती हुशार. खोटं न्हाई बोललो. पडतो म्हणालो — ओढतो म्हणालो न्हाई. दांडा पडतच व्हता की. त्या बापड्याला पडणं काय आन् ओढणं काय? तुमाला वाटत असंल म्या ठेकेदाराकडनं पैसं खाल्लं. एक पै न्हाई. खाल्ली असती तर बरं झालं असतं, लोभापायी केलं असं तरी सांगता आलं असतं. म्या निसतं जळून केलं. डोंगरात गाडी अडंल, लोक हसतील, आन् ती येईल माज्या शेडात धूळ खायला — एवढंच मनात व्हतं.

न्हाई. एवढंच न्हाई. अजून एक हाय.

वस्तीनं सोता रस्ता खोदला. बायामाणसांनी मुरूम वाहिला. कोंडिबा मला इचारायला आला, रस्ता वळणं घेत न्यावा का सरळ चढवावा. वळणं घ्यायची तर निम्मा डोंगर फोडायला लागत व्हता. तवा तरी सांगायचं व्हतं की न्हाई? तोंड उघडलंबी व्हतं. पण सांगायचं म्हंजे भंडाऱ्यावर फसवलं हे सांगायचं. आन् त्यो पुन्हा वस्ताद म्हणाला, आन् माजं डोकं फिरलं. म्हणालो, "फ्रंटच्या गाडीला वळणं कशाला? सरळ ने."

त्यांनी सरळ नेला.

तवर कोंडिबा गाडी हाणायला नीट शिकला व्हता. पैल्यांदा जीप वर न्यायची, म्हणून त्याची बायकू ठकूबाई मागं बसली व्हती, मांडीवर देवाचे टाक घेऊन. बाकीची माणसं चालत. शेवटच्या चढाला मागची चाकं मुरमात निसती फिरली. गाडी मागं सरली, ब्रेकला थांबंना, कडंला गेली आन् उलटली. कोंडिबा बाहेर फेकला गेला. ठकूबाई गाडीखाली सापडली. गेली ती.

तिचे दिवस-कार्य झाल्यावर त्यो माज्याकडं आला. रडत नव्हता. शेडाच्या दारात बसला आन् म्हणाला, "म्या फ्रंट टाकला व्हता, वस्ताद. पडलाबी व्हता, खट्‌ झालं. मग चुकलं कुठं?"

माज्यावर त्याचा संशयच नव्हता. भंडारा खोटा कसा असंल? गाडी खोटी न्हाई, रस्ता खोटा न्हाई, तर मग ऱ्हायलं कोण? त्यानं माज्याकडं बघितलं. आन् म्या — हे सांगायचं व्हतं, बाकीचं सगळं ह्याच्यासाठी सांगितलं — म्या म्हणालो, "क्लच झटक्यात सोडला असशील तू."

त्यानं मान हलवली. म्हणाला, "मंजी म्याच मारली तिला." ती गाडी मोडायला त्यानं माज्याकडंच दिली, आन् दुसऱ्या कुणी तिच्याखाली बघायच्या आत म्या ती मोडली.

तुमाला वाटंल, आता मला त्याची कीव येत असंल. न्हाई येत. राग येतो. ST च्या थांब्यावर भेटला की हात जोडतो, आन् ते जोडलेले हात झटकून टाकावेसे वाटतात. कधीतरी माजी गचांडी धर की रं. धरत न्हाई. उलट त्या बाजूला कुणी जुनी जीप घ्यायला निघालं की त्याला माज्याकडं धाडतो, म्हणतो, वस्ताद म्हणंल तसं कर.

परवा असाच एक जण आला, वेल्ह्याचा. म्या त्याच्या गाडीखाली झोपलो, चाक उचललं, फिरवून दाखवलं, सगळं खरं सांगितलं. जाताना त्यानं सहज इचारलं, कोंडिबाच्या गाडीचं काय झालं व्हतं.

म्या सांगितलं, त्याला चालवता येत नव्हती.