गिरणीचं काढून टाक

बायकोला वाटतं, माझं तिला सगळं ठाऊक आहे. हे नाही. बारा वर्षं झाली, हे कुणालाच सांगितलेलं नाही — तुम्हाला सांगतो.

बोलण्यात मी पहिल्यापासून तरबेज. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आम्ही पोरं रिकाम्या वर्गात एकमेकांच्या सराव मुलाखती घ्यायचो. एक जण खुर्चीत, दुसरा टेबलापलीकडे साहेब. साहेब म्हणून सगळ्यांना मीच हवा असायचो. का नसावा? कुणाचं काय चुकतं, ते मला लगेच दिसायचं. त्या दिवशीही सगळं नीट दिसलं होतं — हेच तर सांगायचंय.

चिकलठाण्याची एक कंपनी येणार होती, आमच्या शाखेतून एकालाच घेणार होती. आदल्या दिवशी खुर्चीत इरफान बसला. माझा जिवलग — खुलताबादचा, वडिलांची पिठाची गिरणी. मी विचारलं, स्वतः सोडवलेली एखादी अडचण सांग. तो गिरणीबद्दल बोलू लागला. पट्टा सारखा घसरायचा, बायका डबे घेऊन ताटकळायच्या, मिस्त्री दर वेळी नवा पट्टा घालून जायचा. यानं दोन दिवस नुसतं बघितलं आणि ओळखलं, दोन्ही पुल्या एका रेषेत नाहीत. आधी स्वतः काय काय घोळ घातले, तेही हसत सांगितलं.

मुलाखत कशी द्यायची, हे मला त्या पाच मिनिटांत कळलं. आणि हेही कळलं — ही नोकरी याची!

मग मी साहेबी आवाजात काय म्हणालो? "गिरणीचं काढून टाक. गावठी वाटतं. प्रोजेक्टचं सांग, इंग्रजीत पाठ करून."

"व्हय? बरं झालं यार, तू बोलला. मी तर हेच सांगणार होतो."

माझ्यासमोर त्यानं ते वहीत लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी आत गेलो आणि मामाच्या गुलमंडीतल्या कापड दुकानाबद्दल बोललो — साधं, माझ्या चुकांसकट, अगदी इरफानसारखं. नोकरी मला लागली. तो पाठ केलेल्या तिसऱ्याच वाक्याला अडकला.

गरज होती म्हणू? नव्हती. घरचं बरं होतं. मला हरायचं नव्हतं, एवढंच.

संध्याकाळी तो माझ्याकडे आला. मला वाटलं, कळलं याला. तर म्हणतो, "माफ कर यार. तू एवढं शिकवलं, माझंच पाठांतर कच्चं पडलं. पुढच्या हप्त्यात अजून एक कंपनी हाय. काय करू?"

माझी नोकरी तर पक्की झाली होती. खरं सांगायला आता काय जात होतं माझं? पण मग मी कसा आहे, ते त्याला कळलं असतं.

"अजून नीट पाठ कर," मी म्हणालो.

त्यानं केलं. पुढच्या मुलाखतीत तो एकदाही अडकला नाही. त्यांनी त्याला घेतलं नाही.