निशाचं स्वतःचं वाक्य

समजा, तुमच्यापुढे एक शब्द ठेवलाय, ‘रिटॅलिएट’. अर्थही सांगितलाय: कुणी मारलं की उलट मारणं. आता तो वापरून एक वाक्य लिहा. पुस्तकातलं नको, स्वतःचं. लिहा बघू.

वेसाव्याच्या निशाचं घोडं इथेच अडलं होतं. सव्वीस वर्षांची ही कोळीण बारावीला इंग्रजीत दोनदा आपटलेली. या खेपेला सुटली, तर वस्तीतल्या अंगणवाडीत सेविकेच्या जागेसाठी अर्ज करता येणार होता. शिकवायच्या क्षमाताई. निशाच्या मासळीचं अंधेरीतलं जुनं गिऱ्हाईक, बँकेतून निवृत्त. निशा दारात पापलेटं साफ करायची आणि ताई शब्द विचारायच्या.

“अगं, सैन्याचं लिही. शत्रूने हल्ला केला, सैन्याने उलट केला.”

“ते पाठ हाय ना ताई. पण स्वतःचं पायजे म्हणता. मी कुठे कुणाला मारलंय?”

ताईंनी तिच्या ओठावरच्या ताज्या टाक्याकडे पाहिलं आणि पुढचा शब्द घेतला.

निशाचा नवरा हितेश. लग्नाच्या तिसऱ्या आठवड्यात, बोंबील नीट वाळले नाहीत म्हणून, त्याने तिला पहिल्यांदा मारलं. त्याला सहा वर्षं झाली. मग एक दात गेला, मग बरगडी.

परीक्षेच्या आदल्या सकाळी तो होडीवरून आला तेव्हा निशा ओट्यावर वाचत बसलेली.

“काय बाईसाहेब, मास्तरीण होणार? मग भाकऱ्या कोण, तुझी ताई येणार थापायला?”

पुस्तकातलं हॉलतिकीट ओढून त्याने मासळीच्या टपात बुडवलं. निशा धावली. त्याने तिचे केस धरले आणि डोकं चौकटीवर आपटलं.

“उद्या जातेस कशी, बघतो!”

पुन्हा आपटलं. डोळ्यात रक्त उतरलं, काही दिसेना. चाचपडताना हाताला मासे कापायची चिंचेची फळी लागली. तिने ती दोन्ही हातांनी फिरवली. सुरमईचा काटा तोडताना येतो तसा आवाज आला आणि हितेशचं मनगट लोंबायला लागलं. तो ओरडला. तिने दुसरा फटका गुडघ्यावर घातला. तिसरा डोक्यावर उगारला, तेव्हा हितेश रांगत खाटेखाली शिरला.

“निशा, नको! नको गं!”

हे शब्द आजवर फक्त तिचे होते. ती थांबली. फळी खाली ठेवली, हॉलतिकीट टपातून काढून पंख्याखाली वाळत घातलं.

दुसऱ्या दिवशी पेपर सुटल्यावर, कपाळाला पट्टी बांधलेली निशा थेट ताईंच्या दारात.

“ताई, आला तो शब्द!”

“काय लिहिलंस?”

“माय हजबंड हिट मी. आय रिटॅलिएटेड.”

ताईंनी दाराची कडी घट्ट धरली. “बरोबर आहे,” त्या हळूच म्हणाल्या. “पूर्ण मार्क.”

निशा मात्र उंबऱ्यातून हलेना.

“पण ताई, त्याचा पहिला फटका सहा वर्षांपूर्वीचा. मी एवढ्या उशिरा दिला, तरी शब्द तोच चालतो?”