साबण कापणाऱ्या यंत्राची वही

साबणाच्या कारखान्यात तिला सगळे वहीताई म्हणत. यंत्राला हुकूम सोडणारी पेटी असते ना, कंट्रोलर, तिचे प्रोग्राम लिहिणं हे तिचं काम. बाकीचे थेट लॅपटॉप उघडून बसत. ही आधी वहीत साध्या मराठीत लिहायची : झाकण लागल्याशिवाय कापायची तार खाली येणार नाही. "कुठल्या परीक्षेला बसणार आहेस?" नवरा चिडवायचा. ती खुशाल लिहीत राहायची. हट्टी म्हणजे किती हट्टी!

वीस वर्षांनी साबण कापणाऱ्या यंत्राची पेटी जळाली. ते मॉडेल बनवणाऱ्या कंपनीनं केव्हाच बंद केलेलं. प्रोग्राम वहीताईचा, पण त्याला कुलूप कंपनीचं, त्यांच्याशिवाय तो उघडायचा नाही, आणि दुसऱ्या कुणाच्या पेटीत तो चालायचाही नाही. कंपनीचा माणूस आला नि म्हणाला, "अख्खं यंत्रच बदला. आमचं नवीन घ्या, त्याला माणसं लागत नाहीत." साहेबांनी मान डोलावली. म्हणजे कापणीवरच्या सातही जणी घरी!

वहीताईचं डोकंच सणकलं. "साहेब, चार दिवस द्या. दुसऱ्या कंपनीची पेटी आणा. मी चालवून दाखवते."

साहेबांनी पेटी आणवली. वहीतली एकेक ओळ वाचत तिनं सगळा प्रोग्राम नव्यानं लिहिला. चौथ्या दिवशी सकाळी यंत्र सुरू झालं, आणि वड्या निघाल्या वाकड्यातिकड्या. बघायला आलेला कंपनीचा माणूस गालात हसला. तिनं वही दोनदा तपासली, सगळं बरोबर होतं.

कापणीवरची सगळ्यात जुनी मावशी पुढे आली. "अगं, तार यायच्या आधी हे यंत्र जरासं थांबायचं. साबणाची लादी नीट बसेपर्यंत."

वहीताईनं जीभ चावली. वीस वर्षांपूर्वी, यंत्राच्या पहिल्याच आठवड्यात घाईघाईत तिनं ते दीड सेकंद थेट पेटीत घातले होते, वहीत टिपायचं राहूनच गेलं. आणि हीच बाई दुसऱ्यांना 'आधी वहीत लिहा' असं उठताबसता ऐकवायची! "चूक माझी," ती सगळ्यांदेखत म्हणाली. ते दीड सेकंद तिनं आधी वहीत लिहिले, मग पेटीत घातले.

वड्या सरळ निघाल्या. साहेबांनी एक हातात घेऊन उलटीपालटी केली आणि म्हणाले, "नवीन यंत्र राहू द्या."

कंपनीचा माणूस घुश्शात म्हणाला, "आमचं कुलूप तुम्ही तोडलंत कसं?"

"हात तरी लावला का त्याला?" वहीताई म्हणाली. "तुमचं कुलूप तुम्ही घेऊन जा. आमचं काम आम्हाला येतं."

मावशीनं पदर खोचला. "चला गं, लादी संपत आली, दुसरी आणा."