हिराआत्याच्या हातचं

दादाचा फोन आला तेव्हा मी भिवंडीतल्या घरी मेथी निवडत होते. "आत्या गेली," एवढंच तो म्हणाला. कितीतरी दिवस तिचं डोकं दुखत होतं, मान आखडली होती. एचआयव्हीच्या गोळ्या लागू पडेनाशा झाल्या होत्या आणि या वेळी दुसऱ्याच जातीची बुरशी थेट मेंदूच्या आवरणात शिरली होती. डॉक्टरांनी आम्हाला अंधारात ठेवलं नव्हतं. तरी फोन ठेवल्यावर मेथी तशीच टाकून मी रडत बसले...

हिराआत्या बाबांची धाकटी बहीण. नवरा लवकर गेला, तशी ती काल्हेरला माहेरी परतली. तोंडानं फटकळ, पण हाताला अशी चव, की गावात कुणाच्याही लग्नाची हळद असो, जेवणावळीच्या मटणाचं पातेलं तिच्याच ताब्यात. रस्सा उकळला की थेंबभर तळहातावर घेऊन चाटायची, आणि मग मीठमसाल्याला हात लावायची कुणाची बिशाद! पातेल्याभोवती घुटमळणाऱ्या पुरुषांना "जावई हाव काय बसून खायला? लाकडं आना!" म्हणून पिटाळायची.

मग एका हळदीत मटण खारट झालं. पहिल्या पंगतीनं मुकाट गिळलं, दुसरीनं तोंडं वाकडी केली. रस्सा जिभेला झोंबत होता, म्हणून आत्यानं चाखायचंच सोडलं होतं; मीठ नुसत्या अंदाजानं पडलं होतं. जिभेवर पांढरा थर आला होता. सारखी चुलीपुढे असते, उष्णतेनं तोंड आलं असणार, असं सगळ्यांचं मत. मग जाईचा पाला चघळून झाला, मधात टाकणखार झाला, सब्जा, गुलकंद... घरोघरच्या वैद्यांना ऊत आला. थर काही हटेना. शेवटी साधी पेजही घशाखाली उतरेना. "वहिनी, काटा अडकल्यावानी होतंय, मना गिळवत न्हाय," असं ती आईला म्हणाली, तेव्हा मी तिला ओढतच डॉक्टरांकडे नेलं.

त्यांनी बॅटरीच्या उजेडात तोंड पाहिलं. "ही बुरशी आहे."

आत्या उखडलीच. "बुरशी? माजं तोंड काय शिली भाकरी हाय?"

डॉक्टर हसले नाहीत. ही बुरशी बऱ्याच जणांच्या तोंडात थोडीफार असतेच, अंगातली ताकद घटली की ती फोफावते, असं त्यांनी समजावलं. ताकद का घटली हे बघायला तिला विचारून रक्त तपासलं. एचआयव्ही निघाला. नवरा कशानं गेला असेल, तेही तिला त्याच दिवशी उमगलं. बाहेर येऊन ती बाकावर बसली. मरणाबद्दल चकार शब्द काढला नाही. म्हणाली, "आता माज्या हातचं कोन खाईल गं?"

औषधानं जीभ स्वच्छ झाली, घसा मोकळा झाला. पुढे ठाण्याला सरकारी दवाखान्यातून एचआयव्हीच्या गोळ्याही सुरू झाल्या. पण गावात कुजबुज पोचलीच, आणि हळदींना केटरर येऊ लागले. आत्या ओट्यावर बसून नुसत्या वासावरून त्यांची अक्कल काढायची.

अशात दादाचं लग्न ठरलं. बाबा चाचरत म्हणाले, "लोक जेवनार न्हाईत." आई आणि आत्याचं उभ्या जन्मात पटलं नव्हतं, भांड्याला भांडं रोज लागायचं. तीच आई ताडकन म्हणाली, "न्हाय जेवले तर न्हाय. माज्या पोराची हळद हिराच शिजवील."

हळदीच्या दिवशी माणसं मंडपाच्या कडेनं उगाच रेंगाळत होती. नवऱ्या मुलाच्या आईनं खरं तर सगळ्यांच्या शेवटी जेवायचं. पण आई रिकाम्या पंगतीत एकटी जाऊन बसली. "वाढ गं हिरा." दोनदा रस्सा मागून घेतला, बोटं चाटली. मग शेजारची म्हातारी बसली, मग तिच्या सुना... पंगत भरली. दोघीतिघी न जेवताच गेल्या, तेही आत्यानं पाहिलं. पुढे सगळ्यांनी नाही, पण काही घरांनी तिलाच बोलावलं, आणि ती तोऱ्यात गेली.

आत्याचं दिवसकार्य उरकल्यावर गेल्या आठवड्यात माहेरी गेले होते. सबंध गावाला जेवू घालणाऱ्या या बाईनं आजार कळल्यापासून स्वतःचं ताट मात्र वेगळं केलं होतं. काठावर खिळ्यानं फुली ओरखडली होती. एकत्र जेवल्यानं हा आजार लागत नाही, हे मी शंभरदा सांगूनही तिनं ते मांडणीच्या खालच्या फळीवरून हलू दिलं नाही. आता ती फळी रिकामी होती. स्वयंपाकघरात आई जेवायला बसली होती. मला तिच्या ताटाच्या काठावर फुली दिसली.

"आई, हे आत्याचं ना?"

"जिती होती तवर मना यात जेवू दिलं न्हाय तिनं," आई म्हणाली आणि भात कालवू लागली.