शेवटच्या घावनापुरता गॅस

समुद्रातल्या म्हाताऱ्या गॅसविहिरींवर मी नोकरी करते. तिथे जमिनीखाली गॅस असतो, पण दाब उतरलेला. वर यायचं त्याच्या जिवावर येतं. मग आम्ही विहिरीच्या तोंडाशी कॉम्प्रेसर लावतो. तो तिथला दाब कमी करून उरलासुरला गॅस ओढून घेतो आणि जोर लावून पुढे पाइपात ढकलतो. सुट्टीवर नांदगावजवळच्या आमच्या घरी आले, तेव्हा हे सगळं बाबांना मोठ्या ऐटीत समजावलं. त्यांनी त्यातलं अर्धंच ऐकलं.

आमच्या परसात गोबरगॅस आहे. शेणकाल्याच्या खड्ड्यावर पालथी तरंगणारी लोखंडी टाकी, आणि तिच्यात साठलेला गॅस. बाबांचा त्यावर फार जीव. पण म्हशी गेल्या, एक गाय उरली, आणि आमच्या घरचा गॅसही म्हातारा झाला. तो शेगडीपर्यंत पोचावा म्हणून टाकीवर चिऱ्याचे दगड ठेवलेले असत. तरी तो ऐन वेळी मान टाकायचा.

त्या दिवशी बांद्याहून आईचा भाऊ, म्हणजे माझा मामा, जेवायला यायचा होता. घावने आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं. आईने सकाळीच बाबांना बजावलं, "आज माझे घावने आडले तर उद्या तुमचो खड्डो बुजवतलंय आणि सिलिंडर हाडतलंय."

बाबांचा चेहरा एवढासा झाला.

मामा आला, पान मांडलं, तवा तापला आणि चौथ्या घावनाला शेगडी विझली. मी परसात धावले. टाकीवर एकही दगड नव्हता!

"तूच सांगलंस ना, दाब कमी केलो की गॅस येता?" बाबा म्हणाले. "म्हणान दगड काढून ठेवलंय."

"बाबानू, पण कॉम्प्रेसर खंय आसा?"

बाबांनी इकडेतिकडे बघितलं. मग मागचापुढचा विचार न करता ते स्वतःच टाकीवर चढून बसले. आतून आई ओरडली, "इलो गो, गॅस इलो! पण बारीक."

मी दगड उचलायला वाकले, तोवर बाबांनी मामाला हाक मारलीसुद्धा. मामा चांगला भरभक्कम माणूस. हात धुऊन पानावर बसलेला, तो तसाच उठून आला.

"भावोजीनू, पाव्हण्याक पाट देतत, टाकी नाय!" असं म्हणत तोही चढला. टाकी गुरगुरली, खाली गेली आणि शेगडी भडकली. मी घावने आतून बाहेर पोचवू लागले. दोघे पाठीला पाठ लावून टाकीवरच जेवत होते. मला हसू आवरेना. एकदा तर सांबारं मामाच्या धोतरावर सांडलं. आई आतून ओरडत होती, "कोणी उतरू नकात!"

शेवटचं घावन निघालं आणि आई पदराने हात पुसत बाहेर आली. नवरा आणि भाऊ त्या अवस्थेत बघून तिने कपाळावर हात मारला. बाबांनी घास तसाच हातात धरला. आता काय ऐकायचं, हे त्यांना ठाऊक होतं.

"चायेपुरतो गॅस ऱ्हवलो नाय," आई म्हणाली. मग साडी खोचून तिने टाकीच्या कडेला हात घातला. "सरकात जरा. तुमच्या दोघांच्यान काय होवचा नाय."

मी चहाचं आधण ठेवायला आत पळाले. मघाशी बारीक झालेली शेगडी आता निळीशार पेटली होती.